४० वर्षं जुनं स्लॅबचं घर आणि अकोल्याचा उन्हाळा: एसी घेण्याआधी काय करावं?

वऱ्हाडकन्या | ९ मार्च, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी. अकोल्यात आमचं १९८४ सालचं घर आहे. फक्त तळमजला, वर मोकळी गच्ची. ९०० चौरस फुटांचा साडेचार इंची स्लॅब, नऊ इंची विटांच्या भिंती. बाबांनी नोकरीत असताना कर्ज काढून बांधलेलं. आता तिथे आई-बाबा दोघंच असतात. बाबा ७९ वर्षांचे, आई ७४. मी पुण्यात.

गेल्या मे महिन्यात पंधरा दिवस राहून आले. दिवसा कूलरवर निभावतं, खरा त्रास रात्रीचा. अकरा वाजता अंगणात बरं वाटतं आणि बेडरूममध्ये पाऊल टाकलं की डोक्यावर तापलेला तवा टांगल्यासारखं होतं. पंखा लावावा तर तो छताखालची गरम हवाच अंगावर फेकतो. बाबा रात्री दोनपर्यंत जागे, मग पुढच्या व्हरांड्यात खुर्ची टाकून बसतात. लहानपणी आम्ही सगळे गच्चीवर झोपायचो, पण आता त्यांना जिना चढवत नाही.

भाऊ म्हणतो, दोन एसी लाव आणि विषय संपव. मिस्त्री म्हणतो, गच्चीवर पत्र्याची शेड टाका. शेजारचे काका म्हणतात, आतून थर्माकोल घालून पीओपीचं फॉल्स सीलिंग करा, आम्ही केलंय. हाताशी सव्वा लाख आहेत. एप्रिल-मेचं बिल आत्ताच ४०० युनिटांच्या पुढे जातं. पश्चिमेला हॉलची मोठी खिडकी आहे, तीही दुपारी ३ नंतर आग ओकते. कुठून सुरुवात करू? जुनं घर सुधारलेल्या लोकांचे अनुभव हवेत.

नागपुरी_संत्रा | ९ मार्च, रात्री १०:३१

पहिले गच्चीला चुना मारा. बाकीचं मग बोलू.

दुपारची_झोप | ९ मार्च, रात्री १०:५०

वाचते आहे. आमचं जळगावचं घर अगदी असंच आहे.

वाळ्याची_ताटी | १० मार्च, सकाळी ७:२०

संत्रादादांनी एका ओळीत सांगितलंय ते बरोबर आहे. का, ते जरा सविस्तर लिहिते.

काँक्रीटचा स्लॅब दिवसभर ऊन पीत राहतो. वरून आत शिरलेली उष्णता खालच्या बाजूला पोचायला तीन-चार तास लागतात. म्हणून दुपारी दोनला गच्चीवर पाय ठेवता येत नाही, पण खोलीचं छत सर्वांत गरम होतं ते संध्याकाळी, आणि निवायला पहाट उजाडते. ताई, तुमच्या बाबांना हवेपेक्षा त्या छताचा त्रास होतोय. तापलेलं छत चुलीसारखी धग फेकतं, ती अंगाला थेट लागते. खोलीतली हवा ३४ अंश असली आणि डोक्यावरचं छत ४१, तर अंगाला ३४ च्या कितीतरी वर वाटतं. अशा खोलीत एसी लावला तर तो रात्रभर स्लॅबशीच भांडत बसतो.

आमचं घर वर्ध्याला, १९७८ चं. मागच्या उन्हाळ्यात मुलाने बंदुकीसारखा थर्मामीटर आणला, लांबूनच तापमान दाखवतो. एप्रिलमधल्या एका दुपारी तीनला गच्चीचा चुना न मारलेला भाग ६३ आणि चुना मारलेला ४५ अंश दाखवत होता. खाली छताला जवळपास ५ अंशांचा फरक. अर्ध्याच गच्चीला चुना लावून पाहिला होता म्हणून हा फरक दिसला, नाहीतर आम्हीही विश्वास ठेवला नसता.

चिरा_आणि_कौल | १० मार्च, सकाळी ९:०५

राजापूरहून लिहितो. आमच्या जुन्या घराला चिऱ्याच्या भिंती, वर मंगळुरी कौलं आणि मधे माळा होता. कौलांच्या फटींतून गरम हवा निघून जायची आणि माळ्यामुळे धग खाली यायची नाही. २००६ मध्ये माकडांना कंटाळून कौलं उतरवली आणि स्लॅब घातला. कौलं फुटायची थांबली, आणि त्याच वर्षीपासून घरात उकाडा सुरू झाला. मला त्याचा आजही पश्चात्ताप होतो. आता स्लॅबवर लोखंडी सांगाडा उभारून त्याच जुन्या कौलांचं छप्पर केलंय, मधे माणूस उभा राहील एवढी मोकळी जागा ठेवून. आमसुलं, सुपाऱ्या तिथेच वाळतात.

कूलरचं मात्र आमच्याकडे काही चालत नाही. हवेतच एवढं पाणी की ताटीवरचं पाणी सुकायलाच तयार नसतं. कोकणात वारा आरपार खेळवणं हाच उपाय.

नागपुरी_संत्रा | १० मार्च, सकाळी ९:४०

अन् आमच्याकडं उलटं जी. हवा इतकी कोरडी की धुतलेली चादर दारात टाकली तर तुम्ही चहा घेईस्तोवर वाळते. म्हणून कूलर म्हणजे आमचं दैवत.

कर्वेनगरची_टेरेस | १० मार्च, सकाळी ११:१५

पुण्यात सोसायटीत वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांचंही हेच दुखणं आहे. यंदा मार्चमध्येच ३८ झालंय.

नागपुरी_संत्रा | १० मार्च, सकाळी ११:१८

३८ ला आमच्याकडं लग्नाच्या तारखा काढतात ताई. :)

कर्वेनगरची_टेरेस | १० मार्च, सकाळी ११:३०

हाहा, मान्य! पण आमची अडचण वेगळी. गच्ची सगळ्यांची, गरम मात्र फक्त आमच्या मजल्यावरच्या चार घरांना होतं. तीन वर्षं सभेत विषय मांडला, "तुमच्या फ्लॅटसाठी सोसायटीने का खर्च करायचा" हेच उत्तर. शेवटी गच्चीचं वॉटरप्रूफिंग निघालं तेव्हा मी कोटेशन मागवतानाच वरचा थर पांढरा, ऊन परतवणारा धरायला लावला. थोडाच फरक पडत होता, लगेच मंजूर झालं. सोसायटीत राहणाऱ्यांनी ही संधी सोडू नये. वॉटरप्रूफिंग आठ-दहा वर्षांतून एकदाच निघतं.

लोखंड_वाळू_सिमेंट | १० मार्च, दुपारी १:५०

मी स्थापत्य अभियंता आहे. जुन्या घरांच्या दुरुस्तीची कामं करतो. फॉल्स सीलिंग आणि पत्र्याची शेड या सूचनांबद्दल माझं मत लिहितो.

फॉल्स सीलिंगने खोलीत फरक जाणवतो, खोटं नाही. पण उष्णता आतून अडवली की स्लॅब उलट जास्त तापतो, कारण त्याची धग खाली उतरत नाही. तो रोज जास्त फुगतो, रात्री आक्रसतो. ४० वर्षांच्या स्लॅबला आधीच केसासारख्या भेगा असतात, त्या वाढतात. आणि पावसाळ्यात गळती सुरू झाली की पीओपीच्या आड ती दिसतच नाही. दिसते तेव्हा सळ्या गंजून प्लास्टर पडायला आलेलं असतं. म्हणून उष्णता अडवायची ती बाहेरून, स्लॅबच्या डोक्यावर.

पत्र्याच्या शेडने सावली नक्की मिळते. पण साधा पत्रा स्वतः तापतो आणि खाली धग टाकतो. चारही बाजू मोकळ्या, उंची आठ-नऊ फूट आणि वरून पांढरा रंग असेल तरच फायदा. तुमच्याकडे मे-जूनमध्ये वादळी वारं सुटतं, तेव्हा नट-बोल्ट ढिले असतील तर पत्रा शेजारच्या गल्लीत जाऊन पडतो. महापालिकेची परवानगीही बघावी लागेल.

आता कोणी येऊन कोबा, म्हणजे गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा थर, सुचवेल. चार इंची कोबा म्हणजे चौरस फुटाला साधारण १७ किलो. ९०० फुटांवर १५ टन! तुमच्या स्लॅबवर आधीचा कोबा आहे का ते पाहा. असेल तर त्यावर दुसरा टाकू देऊ नका. जड न होणारा उपाय हवा असेल तर एक्सपीएसच्या शीट मिळतात. थर्माकोलच्या जातीच्याच, पण दाट, आणि पाणी पीत नाहीत. आधी वॉटरप्रूफिंग, त्यावर दोन इंची शीट, वर पातळ काँक्रीट आणि पांढऱ्या टाइल. बीईई म्हणजे केंद्राच्या ऊर्जा बचत संस्थेच्या इको निवास संहिता २०१८ मध्ये घराच्या छतासाठी उष्णता आत येण्याची मर्यादा १.२ वॅट दिली आहे, दर चौरस मीटरला, आत-बाहेरच्या तापमानातल्या दर अंश फरकाला. नुसता उघडा स्लॅब त्याच्या दुपटीहून जास्त उष्णता आत सोडतो. दोन इंची एक्सपीएसने तो त्या मर्यादेच्या खूप खाली येतो.

माळवदावरचा_पाऊस | १० मार्च, रात्री ८:३०

कोबा आणि वजनावरून आठवलं म्हणून लिहितोय, थोडं अवांतर होईल.

आमचं गाव उमरगा तालुक्यात. आजोबांचं घर माळवदाचं. सागवानी तुळया, वर फळ्या, त्यावर हात-दीड हात मातीचा थर. भिंती अडीच फुटी दगडाच्या. भर मे महिन्यात दुपारी आत गेलं की रांजणातल्या पाण्यासारखा गारवा. आजी दुपारी पांघरूण घेऊन झोपायची. पावसाळ्याआधी माळवदावर पांढरी माती पसरणं हा घरातला सण असायचा.

३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीच्या भूकंपात ते सगळं खाली आलं. भागातली हजारो माणसं गेली, आणि त्यातली बहुतेक त्याच दगडमातीखाली. आमची आजी वाचली, कारण ती अंगणात झोपली होती. तेव्हापासून "जुन्या लोकांचं शहाणपण" असं कोणी म्हटलं की मला दोन्ही गोष्टी एकदम आठवतात, तो गारवा आणि ते ओझं. इंजिनिअर साहेबांचा वजनाचा मुद्दा गंभीरपणे घ्या ताई. गारवा हवाच, पण डोक्यावर टनावारी ओझं चढवून नको.

वाळ्याची_ताटी | १० मार्च, रात्री ८:५५

वाचून गलबलून आलं.

युनिट_मोजणारा | ११ मार्च, सकाळी ६:४५

छताबद्दल सगळ्यांशी सहमत. मी बिलाकडे वळतो.

१९८४ च्या घरात पंखे कधीचे आहेत? जुना पंखा ७५ वॅट खातो, बीएलडीसी पंखा (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) ३० वॅटच्या आसपास. एका पंख्यामागे ४५ वॅट वाचले. उन्हाळ्यात दिवसाला १६ तास चालतो असं धरा, म्हणजे पाऊण युनिटाला थोडं कमी. पाच पंख्यांचे रोज साडेतीन, महिन्याला १०० च्या वर युनिट. महावितरणच्या बिलात १०० पर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० असे टप्पे चढत्या दराने असतात. म्हणजे तुमची वाचलेली १०० युनिटं ही तुमच्या बिलातल्या सर्वांत महागड्या टप्प्यातली असतील. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांनाही स्टार लेबल सक्तीचं झालंय, त्यामुळे दुकानात पाच तारे बघून घेता येतो. रिमोटही असतो, वयस्कर माणसांना रात्री उठावं लागत नाही.

फ्रिज किती जुना आहे? प्लगमध्ये लावायचा मीटर मिळतो, तो २४ तास लावून बघा.

सोलरचा विचार शेवटी करा. पीएम सूर्यघर योजनेत २ किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे ३०,००० आणि ३ किलोवॅट वा त्याहून मोठ्या यंत्रणेला ७८,००० रुपये अनुदान आहे. ३ किलोवॅटला साधारण ३०० चौरस फूट गच्ची लागते. पॅनलखाली सावली पडते, तो फायदा वेगळा. पण आधी खप कमी करा, मग किती किलोवॅट लागतं ते ठरवा. भोकं असलेल्या माठात जास्त पाणी ओतून काय उपयोग?

अंगणवाली | ११ मार्च, सकाळी १०:१०

पश्चिमेच्या खिडकीबद्दल कोणीच बोललं नाही. पडदा आतून लावू नका, बाहेरून सावली करा. ऊन एकदा काचेतून आत आलं की पडदा तापतो आणि ती धग खोलीतच राहते. आम्ही बुलढाण्याला खिडकीबाहेर दीड फुटावर बांबूच्या चिका (पट्ट्यांचे पडदे) सोडल्या. पुढे मधुमालती चढवली. तिसऱ्या वर्षी ती चिकांच्याही वर गेली, आता दुपारी तिथे बुलबुल बसतात. कडुनिंबाला जागा असेल तर आजच लावा.

रुग्णसेवा | ११ मार्च, दुपारी १२:२५

मी परिचारिका आहे. भावाला मोडीत काढू नका, त्याचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. हवा ४० च्या वर गेली की पंखा अंग गार करत नाही, गरम वाऱ्याचा झोत अंगावर घालतो. वयस्कर माणसाला तहान कमी लागते, घामही कमी येतो. बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर शरीरातलं पाणी आणखी लवकर कमी होतं. ४५-४६ च्या लाटेत त्यांना निदान एक गार खोली हवीच. कूलर नीट चालत असेल तर तो पुरेल, नसेल तर एकाच खोलीत एसी. आई-बाबांना उन्हाळाभर त्या एका खोलीत झोपू द्या. दोन एसींची गरज नाही.

नागपुरी_संत्रा | ११ मार्च, दुपारी १२:४०

+१. अन् कूलर लावताना समोरची खिडकी उघडी ठेवा म्हणा! बरेच लोक एसीसारखी खोली बंद करून बसतात, मग दमट होतं अन् कूलरला शिव्या देतात. आत येणाऱ्या हवेला बाहेर जायला वाट लागते. गवताच्या ताट्या दरवर्षी बदलायच्या. वाळ्याच्या लावल्या तर घरभर वास दरवळतो, माझ्या बाबांना त्या वासानंच झोप लागायची.

बोस्टनचा_पोटमाळा | ११ मार्च, रात्री ९:०५

इथे आमचं १९२० च्या दशकातलं लाकडी घर आहे, प्रश्न थंडीचा. तरी उत्तर तेच निघालं: आधी छत. एक तपासनीस आला, दाराला मोठा पंखा बसवून घरातली हवा बाहेर खेचली आणि कुठल्या फटींतून हवा शिरते ते धुराच्या कांडीने दाखवलं. सगळ्यांत जास्त गळती पोटमाळ्यावर. फटी बुजवल्या, वर कागदाच्या लगद्याचा जाड थर फवारून घेतला, आणि मगच नवी हीटिंग यंत्रणा घेतली. ती आधी ठरवली होती त्याहून लहान पुरली. अकोल्यात एसीबाबतही तसंच होईल असं वाटतं.

वऱ्हाडकन्या | ११ मार्च, रात्री ११:२०

सगळ्यांचे मनापासून आभार. बाबांना फोनवर वाचून दाखवलं. माळवदावरचा_पाऊस, तुमचा प्रतिसाद ऐकून ते बराच वेळ गप्प होते. १९९३ ला ते मदत घेऊन जाणाऱ्या ट्रकबरोबर लातूरला गेले होते, हे मला आजच कळलं.

गच्चीवर जुना कोबा आहे, म्हणजे आणखी वजन नको. पंखे पाचही १९९० च्या आसपासचे. पुढच्या शनिवारी जाते आणि चुन्यापासून सुरुवात करते. चुना कसा कालवायचा?

वाळ्याची_ताटी | १२ मार्च, सकाळी ७:००

आधी गच्ची तारेच्या ब्रशने घासून धुवा, शेवाळ अजिबात राहू देऊ नका. भेगा भरून घ्या. कळीचा (न विरवलेला) चुना आणला तर आदल्या दिवशी भिजवायचा. पाणी घातलं की तो उकळतो, म्हणून प्लास्टिकच्या बादलीत नको, लोखंडी ड्रममध्ये. लहान मुलं लांब. डोळ्यांना चष्मा, हाताला रबरी मोजे, यात हयगय नको. दुसऱ्या दिवशी गाळून त्यात पांढरं सिमेंट आणि डिस्टेंपरमध्ये घालतात ते फेव्हिकॉल. पहिला हात पूर्व-पश्चिम, तो वाळला की दुसरा दक्षिणोत्तर. काम सकाळी ९ च्या आत आटपा, नाहीतर ओला चुना उन्हाने भाजून पापुद्रे धरतो. कठड्याची आतली बाजूही रंगवा, तोही तापतो.

लोखंड_वाळू_सिमेंट | १२ मार्च, सकाळी ११:४५

बरोबर. हे दरवर्षी करायला जमणार नसेल तर तयार कूल रूफ पेंट, म्हणजे ऊन परतवणारा पांढरा रंग, घ्या. महाग पडतो पण काही वर्षं टिकतो. तेलंगणाने २०२३ मध्ये यासाठी स्वतंत्र धोरणच आणलं. आपल्याकडेही तसं व्हावं असं मला फार वाटतं, कारण विदर्भ-मराठवाड्यातल्या पत्र्याच्या खोल्यांत राहणाऱ्यांना या धाग्यातली निम्मी चर्चाही परवडणारी नाही.

वऱ्हाडकन्या | २४ मे, सायंकाळी ६:३०

धागा वर आणते आहे. वचन दिल्याप्रमाणे हिशोब.

चुना मार्चमध्येच झाला. साहित्य आणि दोन मजूर मिळून साडेचार हजार. पाच पंखे बदलले. पश्चिमेला बांबूच्या चिका, खाली मधुमालतीची दोन रोपं. कूलरला वाळ्याच्या ताट्या. एसी एकच, बेडरूममध्ये, एक टनाचा. सगळं मिळून ८२ हजार झाले. एक्सपीएसचं काम पुढच्या वर्षी, वॉटरप्रूफिंगसोबत.

थर्मामीटर मीही घेतला. रात्री दहाला बेडरूमचं छत ३५-३६ दाखवतं. शेजारच्या काकांच्या परवानगीने त्यांच्या स्वयंपाकघरात मोजलं, तिथे फॉल्स सीलिंग नाही, ते ४१ होतं. काकांनी त्याच आठवड्यात चुना आणला.

एसी आत्तापर्यंत फक्त अकरा रात्री लागला, तोही २६ वर. एप्रिलचं बिल ३१८ युनिट आलं, ३०० च्या आत यायला थोडक्यात राहिलं. फ्रिज मोजला, तो दिवसाला तीन युनिट खातो! बदलायचा आहे, पण आईचा त्यावर जीव आहे, तिला वेळ देते आहे.

बाबा व्हरांड्यात बसत नाहीत आता. साडेदहाला झोपतात.

युनिट_मोजणारा | २४ मे, सायंकाळी ६:५२

फ्रिज बदलला की पुढचा एप्रिल ३०० च्या आत. आईंना सांगा, जुना फ्रिज फेकू नका, बंद करून धान्याला ठेवा.

चिरा_आणि_कौल | २४ मे, रात्री ८:१०

फार आनंद झाला. एक विचारायचं राहिलं, तुमच्या गच्चीचं पावसाचं पाणी कुठे जातं? टाकीत किंवा विहिरीत सोडलं असेल तर पहिल्या दोन-तीन पावसांचं सोडू नका, चुना धुऊन उतरतो.

वऱ्हाडकन्या | २४ मे, रात्री ८:२५

विहिरीतच जातं! पाइप आजच काढून ठेवायला सांगते.